पूजेला ठेवलेला सर्व्हर

यशवंतपूरहून निघालेल्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर पीण्या औद्योगिक वसाहतीतले एक कारखानदार आणि त्यांना सर्व्हर विकणारा पुण्याचा मुलगा बसले होते.

"काका, तुमची मेल कालपासून बंद आहे. सर्व्हर बिघडला का?"

"बिघडेल कशाला? काल खंडेनवमी. आम्हीच बंद केला."

"अहो, आत लिनक्स आहे. वर्षभर बंद करावाच लागत नाही."

"लेथ मशीनही वर्षभर राबतं. नवमीला त्यालाही स्वल्प विश्रांती देतोच की."

"पण तुमची मेल, फाइली, वेबसाइट, सगळं त्या एकाच डब्यात आहे."

"म्हणूनच आमच्या ऑफिसातल्या सुनंदानं त्याला सगळ्यात मोठा हार घातला."

"आणि जर्मनीची ऑर्डर?"

"त्या साहेबाचा फोन आला होता. मेल परत येतेय म्हणाला. मी खरं ते सांगितलं, सर्व्हर पूजेला ठेवलाय."

"असं सांगितलंत? मग गेली ऑर्डर."

"गेली कुठे? तो म्हणाला, आमचा महागडा सर्व्हर दर आठवड्याला आपणहून बंद पडतो. पूजेला काय काय लागतं, तेवढं कळवा."