मजकुराला मर्यादा

शिक्रापूरच्या थांब्यावर सगुणाबाई एसटीची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी बॉयलरवर लक्ष ठेवणारे कंट्रोलर बनवणाऱ्या एका कंपनीतली दोघं तरुण वाद घालत होती.

"हर्षदा, गिऱ्हाईक म्हणतंय मजकुराच्या लांबीची मर्यादा काढा. त्यांना लांबलचक रिपोर्ट पायजे."

"न्हाई काढायची, इंद्रजीत. बॉयलरच्या कंट्रोलरला मेमरी असती केवढी?"

"पण रिपोर्टचा प्रोग्राम, ती स्क्रिप्ट, तर त्यांचीच माणसं लिहिणार."

"म्हणूनच तर! काल त्यांनीच धाडलेली नमुन्याची स्क्रिप्ट मर्यादेशिवाय चालवून बघितली. ती मजकुराला तोच मजकूर परत जोडत जाती, दर वेळी दुप्पट. बघता बघता सगळी मेमरी खाल्ली आन् कंट्रोलर गप्प झाला."

"बॉयलरवर?"

"टेबलावर, नशीब समज. बॉयलरवर असता तर प्रेशर चढल्यालं कुणाला कळलं असतं?"

"आन् मर्यादा असली तर?"

"मजकूर फार वाढला की तेवढी स्क्रिप्ट थांबती आन् चूक दाखवती. कंट्रोलर आपलं काम करत राहतो."

"मग रिपोर्ट?"

"तुकड्यातुकड्यानं छापायचा. तसं मी करून ठेवलंय."

"आपले साहेब चिडतील."

"चिडू देत. उद्या मी सांगती त्यांना."

सगुणाबाईंना राहवलं नाही. "पोरी, माझा ल्योक सुरज, डेअरीच्या बॉयलरवर कामाला असतो. तुमचं ते मशीन तिकडं बी बसवत्यात का?"

"पुढच्या महिन्यात बसवणार हाय, मावशी."

"मग साहेबाचं ऐकू नगंस."

"न्हाई ऐकत."

एसटी आली. इंद्रजीतनं सगुणाबाईंची पिशवी उचलून आत ठेवली आणि मागं वळून म्हणाला, "हर्षदा, उद्या साहेबांकडं मी बी येतो."