माळ्यानं आणलेला निरोप

मी मूळची मिरजेची. वडील शाळेत मास्तर, आम्ही चौघी बहिणी, त्यात मी तिसरी आणि मुलखाची आगाऊ, आई म्हणायची हिच्या आधी हिची जीभ सासरी पोचेल. लग्न झालं आणि एकदम कलकत्ता. हे रेल्वेत, गार्डन रीचच्या हापिसात, सासूसासरे आधीच गेलेले, घरात आम्ही दोघं आणि धाकटे दीर, दिनकर. वयानं माझ्याहून वर्षानं लहान, पण दीर तो दीर, भाऊजी म्हणायचं, अहोजाहो करायचं. ते तिथलेच जन्मलेले, बंगाली फर्डं आणि मराठी असं की वहिनी, मला भूक लागला. हसून हसून पुरेवाट व्हायची माझी. मला मात्र बंगालीतला ब कळत नव्हता, सत्तर-एकाहत्तरची गोष्ट, हिंदीसुद्धा सिनेमात ऐकली तेवढीच.

आता क्रिकेटचं विचारता, तर मला त्यातलं काय कळतंय, पण भाऊजी डाव्या हातानं फिरकी टाकायचे. क्वार्टरच्या मागे खडूनं रेघ मारून तासन्‌तास टाकत बसायचे, मी तिथेच धुणं वाळत घालायची, म्हणायची अहो, माझ्या पातळावर चेंडू लागला तर आज जेवण नाही, तर म्हणायचे वहिनी, पातळ जरा डावीकडे सरकवा आणि मग बघा. आधी मैदानावरचा एक लहानसा क्लब, क्लब कसला, एक तंबू आणि एक माळी, मग मोठ्या क्लबवाल्यांनी बोलावून नेलं. पेपरात नाव यायला लागलं. फार कौतुक होतं हो मला. माहेरी पत्रात सगळं त्यांचंच लिहायची, यांचं राहूनच जायचं.

त्या हिवाळ्यात बंगालच्या संघात एक जागा व्हायची होती, निवडीसाठी एक सामना ठेवणार आणि त्यात भाऊजींना बोलावणार असं सगळे म्हणत होते. घरी फोन नाही, निरोप येईल तो माणसाबरोबर. काय सांगू तुम्हाला, आठ दिवस घरात पाऊल टाकलं की बूट काढायच्या आधी एकच, वहिनी, कुणी आलं होतं का हो?

आणि नेमके त्या दिवशी भाऊजी बराकपूरला लष्कराच्या लोकांशी खेळायला गेलेले, हे कामावर बाहेरगावी, घरात मी एकटी. दुपारी क्लबचा माळी आला, म्हातारा माणूस, धापा टाकत होता, मी पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. तो म्हणाला दिनूबाबूंना सांगा, काल माठे खेला आछे. दोनदा म्हणाला. माठे म्हणजे मैदानात, हे मला मागाहून कळलं. आणखीही बरंच बोलला, पण मला कळलं ते काल आणि खेला एवढंच. हिंदीतलं कल मला माहीत होतं, कल म्हणाला असता तर मी विचारलं असतं बाबा, उद्या का. पण हा स्वच्छ काल म्हणाला, आपण म्हणतो तसं, आणि काल म्हणजे झालं गेलं, संपलं. बंगालीत उद्यालाही काल म्हणतात हे मला कुणी सांगितलं होतं? मला वाटलं सामना होऊनसुद्धा गेला, भाऊजींना बोलावलंच नाही, आणि म्हातारा बिचारा हळहळ सांगायला आलाय. तो म्हणाला बुझेछेन, म्हणजे कळलं ना? मी मान हलवली. मेलीनं मान हलवली.

संध्याकाळी भाऊजी आले. वहिनी, कुणी आलं होतं का हो? दमलेले होते, तोंड सुकलेलं. माझ्या मनात आलं, पोरगं उपाशी आलंय, जेवू दे, उद्या हे आले की हेच सांगतील समजुतीनं. म्हटलं, छे, कुणी नाही आलं. एवढंच बोलले मी. चूक भाषेची म्हणा, पण खोटं माझं होतं, ते कुणावर घालू?

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिकडे मैदानावर नाणेफेक झाली आणि इकडे मी भाऊजींना दुसऱ्यांदा पोहे वाढत होते. खा हो, म्हणत होते, आज कुठे जायचंय तुम्हाला.

तिन्हीसांजेला त्यांचा कप्तान आला, नुसता पेटलेला. माळीको भेजा था, आये क्यूँ नहीं? भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी. त्यांना काय कळलं देव जाणे, म्हणाले हो, मिळाला होता निरोप, पोट दुखत होतं. कप्तान गेल्यावर मी रडत रडत सगळं सांगितलं, काल म्हणाला हो तो, काल म्हणाला. ते आधी हसले. खरंच हसले. मग नळावर गेले आणि किती वेळ तोंडच धूत राहिले. मी म्हटलं मी जाते, कप्तानाच्या पाया पडते, तर म्हणाले नको, म्हणतील बायकांच्या पदराआड लपतोय. यांनासुद्धा पोटदुखीच सांगितली.

जागा दुसऱ्याला गेली. भाऊजींचं नाव पडलं, हा ऐन वेळी घाबरतो. पुढे खांदा दुखावला, मग रेल्वेत चिकटले, तिकिटाच्या खिडकीत जन्म गेला. मी इरेला पेटून बंगाली शिकले, इतकी की पुढे तिथल्या बायकांना बंगालीतून शिवण शिकवलं, तीस वर्षं पोट भरलं त्यावर. पण काय उपयोग? वेळेवर नाही ना आली ती भाषा.

आता हे गेले, भाऊजींची बायको गेली, आम्ही दोघं म्हातारे बराकपूरला राहतो. भाऊजींना हल्ली विसर पडतो. कुणी आलं की म्हणतात, बंगालकडून खेळलो असतो हो, पण नेमकं त्या दिवशी माझं पोट दुखलं, माझंच नशीब फुटकं. मी म्हणते अहो भाऊजी, ते खोटं होतं, माझ्यामुळे घडलं सगळं, तर माझ्या हातावर थोपटतात, वहिनी, तुम्ही कशाला दोष घेता? त्यांना कळत नाही आणि माझ्याशिवाय जाणणारं कुणी उरलं नाही. सुखी ठेवो देव त्यांना. तुम्ही लिहून घेताय ना, मग बाकी काही लिहा, लिहू नका, एवढं मात्र लिहा. त्यांचं पोट दुखलं नव्हतं. माणूस अगदी ठणठणीत होता.