काचेच्या वाटीतल्या मुंग्या

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील वनखात्याचे मान्यवर, कर्मचारी बंधुभगिनींनो, आणि मान खाली घालून बसलेले आमचे हे,

मी मॅट्रिक झालेली गृहिणी. भाषणं करायची सवय नाही, ऐकून घ्यायची आहे. मुंग्यांच्या निरीक्षकाची बायको म्हणून दोन शब्द बोलते. त्याआधी ही काचेची वाटी अध्यक्षांसमोर ठेवते. दचकू नका साहेब, काठाला पावडर लावलीय, मुंग्या वर चढत नाहीत.

आत्ताच सांगितलं गेलं, की प्रकृतीच्या कारणास्तव हे मुदतीआधी निवृत्त होत आहेत. यांची प्रकृती? काल अख्खी राई पालथी घालून आले आणि दोनदा वाढून घेऊन जेवले. बिघडलीय ती साहेबांची मर्जी.

यांचा गुन्हा काय? अहवाल दिला, की परदेशी लाकडातून वखारीत आलेली पिवळी मुंगी आता राईत शिरलीय. लांब पायांची, वेड लागल्यासारखी सैरावैरा धावणारी, घरट्यातल्या पिलांच्या डोळ्यांत आम्ल फवारणारी. पाखरं राई सोडून चाललीत. साहेबांनी गाडीत बसूनच राई पाहिली आणि शेरा मारला, 'मुंगी ती मुंगी. राईतली आपलीच.' केवढी ही विद्वत्ता! गाडीची काच वर होती, नाहीतर बाहेर सांडली असती.

हे म्हणाले, "साहेब, जरा खाली बसून बघा."

"पँट मळेल हो!"

ओळखायची यांची रीत सोपी. आपल्याकडच्या मुंगीला परक्या वारुळातली दुसरी दिसली, की ती तिचा पाय तोडते. ही पिवळी मात्र कुठूनही आणा, सगळ्या एकाच घरच्या. मिशीला मिशी लावतात आणि मुकाट पुढे सरकतात. व्यासपीठाकडे पाहून मला हे चटकन समजलं.

वाटीत काही मुंग्या वखारीतल्या, काही राईतल्या. भांडल्या, तर राईतली आपलीच आणि, देवाला स्मरून सांगते, अहवाल खोटा. नाही भांडल्या, तर तो इथेच सर्वांसमोर वाचावा.

"अगं, पुरे," हे पुटपुटताहेत. जन्मभर मुंग्यांपुढे वाकले ते ठीक. साहेबांपुढेही वाकले, म्हणून मला उठावं लागलं.

साहेब, डोकावा ना. वाटी टेबलावर आहे, पँट मळणार नाही.

बरं, टंकलेखक ताई, तुम्ही या. काय दिसतंय? मोठ्याने सांगा.

"अहो, यांचा तर गळ्यात गळा!"

ऐकलंत सगळ्यांनी. निरोपाला दिलेल्या घड्याळाबद्दल आभारी आहे. आमच्या घरी एक आहे, चालतंही. हे घड्याळ परत ठेवा आणि अहवाल काढा. बोलताना काही अधिकउणं झालं असेल तर पदरात घ्या. वाटी तेवढी झाकू नका.