दार कायम उघडं

—नाही, नाही, ते खालचं वाक्य पुढे रंगवू नका! ब्रश ठेवा बाजूला. आणि शिडी घट्ट धरून ऐका, पेंटरसाहेब, पडलात तर तुमच्यासाठी खुर्ची बनवावी लागेल—चाकांची! काय लिहून दिलंय आमच्या चिरंजीवांनी? ‘संस्कार हीच आमची परंपरा. विकलेली खुर्ची परत आली, तर आमचं दार कायम उघडं.’ वा रे वा! आज सकाळीच एक बाई चाळीस वर्षांची खुर्ची घेऊन आली, एक पाय डुगडुगत होता, एवढंच—तर ह्यानं तिला पायरीवरूनच वाटेला लावलं. ‘जुनं घेत नाही आम्ही, नवीन बघा.’ आणि दुपारी पाटीवर दार उघडं!

माझ्या बापाचं वाक्य आहे ते. देवापुढे हात जोडल्याशिवाय बाप करवतीला शिवायचा नाही. म्हणायचा, खुर्ची म्हणजे दिलेली लेक—मोडून आली, तर आधी आत घ्या, मग विचारा काय झालं. हसू नका! म्हणून तर तीन पिढ्या चाललं दुकान. झाडं कमी तुटली, माणसं जास्त जोडली. आता शिकलेले लोक ह्यावर भाषणं ठोकतात, बापाला ते तिसरीत नापास होऊन कळलं होतं. मी दुसरीतच आपटलो, म्हणून मला—जाऊ दे.

ओरडलो मी पोरावर. म्हटलं, आजोबांचं नाक कापलंस, गाढवा! परत आलेलीला दारातून घालवतोस? तर हा रंधा मारता मारता, मान वरसुद्धा न करता म्हणतो, ‘तुमच्याकडूनच शिकलो, बाबा.’

म्हणजे काय म्हणजे? काही नाही. म्हणजे—त्याची ताई. माझी थोरली. आली होती एकदा, हातात एक बॅग, ओठ फुटलेला. मी म्हटलं, दिल्या घरी राहायचं असतं, बाई, तू काय खुर्ची आहेस का? गमतीत हो! मी सगळंच गमतीत बोलतो, अख्ख्या गल्लीला विचारा. कडी? हो, कडी लावली. तीही—नाही, ती गमतीत नव्हती. आत त्या दिवशी अकरा मोडक्या खुर्च्या होत्या. सगळ्यांना जागा होती. सोळा वर्षं झाली.

बघता काय असे? रंग वाळतोय तुमचा! पुसा ते वाक्य. पोराला सांगा, म्हाताऱ्यानं पुसायला लावलं. नुसतं नाव राहू दे वर. पुसा म्हटलं ना! आणि निघा आता—अहो, ती शिडी आधी उचला दारातून. कोणी आलंच, तर आत यायला वाट नको?