दुसऱ्या बॅटरीचा लाल स्विच

माझे नाव दत्ताराम महिपत भोईर, वय ४६ वर्षे, धंदा स्वतःची टुरिस्ट गाडी चालवणे, सध्या राहणार हाटकेश, मिरा रोड (पूर्व), मूळ गाव तारोडी. मी आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर आई विमलाबाई व वडील महिपत राघो भोईर यांच्यासह राहतो. वडिलांचे वय ७४ होते. ते तारोडीला तांडेल होते, म्हणजे होडी त्यांच्या हुकमावर चालायची. मागील काही वर्षांपासून त्यांची फुप्फुसे निकामी झाली होती व नाकाला नळी लावून ऑक्सिजनचे मशीन कायम चालू ठेवावे लागत होते. हे मशीन विजेवर चालते. हॉस्पिटल जवळ पडावे म्हणून आम्ही गाव सोडून हाटकेशला फ्लॅटमध्ये आलो. तेव्हापासून वडिलांनी समुद्र पाहिला नव्हता. आमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे पाइप दिसतात. ज्याने जन्मभर पाणी पाहिले त्याने ते पाइप पाहत दिवस काढले, याचे मला वाईट वाटत होते.

वडिलांची होडी आता माझा चुलतभाऊ रोशन चालवतो. मासेमारीची बंदी उठली की होडी पुन्हा पाण्यात लोटतात, त्या वेळी तांडेलाच्या हातचा नारळ लागतो. यंदा मला घेऊन चल, असा हट्ट वडिलांनी धरला होता. घरात अडीअडचणीला ठेवलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर तेवढा वेळ पुरला नसता. म्हणून मी माझ्या गाडीत दुसरी बॅटरी बसवून त्यावर मशीन चालवायचे ठरवले. माझे मेव्हणे अभिनव म्हणाले होते की व्हिडिओ कॉलवर दाखवा, काय एवढे. ते ऑफिसात बसणारे आहेत, त्यांना काय सांगणार.

बॅटरीचे काम हाटकेशच्या गाळ्यातील ऑटो इलेक्ट्रिशियन अल्पेश यांनी केले. त्यांनी समजावले की नवीन गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारे यंत्र, पहिली बॅटरी भरली की हात आखडता घेतो, त्यामुळे नुसती वायर जोडून दुसरी बॅटरी कधी धड भरत नाही, मध्ये वेगळा चार्जर लागतो. तो चार्जर, जाड केबल, दोन्ही टोकांना फ्यूज, मागच्या सीटखाली बॅटरी व तिच्यावर इन्व्हर्टर, असे त्यांनी बसवले. बॅटरी किती भरली ते दाखवणारा छोटा पडदाही लावला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी बिल्डिंगची लाइट गाडीला मिळणार नाही असे सांगितल्याने मी शिर्डीची भाडी मारून ती बॅटरी भरली. साईबाबांच्या दर्शनाला लोक गेले आणि बॅटरी माझी भरली. नंतर गाडी खाली उभी करून, इंजिन बंद ठेवून मशीन सबंध दुपार चालवून पाहिले. बॅटरी निम्मीही उतरली नाही.

वडील छोटा सिलिंडर लावून थोडा वेळ खाली येत व हे सर्व गाडीशेजारी खुर्चीत बसून पाहत असत. त्यांना एकच गोष्ट पसंत नव्हती. बॅटरीला होडीसारखा गोल लाल स्विच नव्हता. अल्पेश म्हणाले, "काका, इसमें जरूरत नहीं है. चार्जर सब खुद संभालता है." वडील म्हणाले, "स्विच न्हाय त्या बॅटरीचा भरवसा न्हाय. समुद्रात बॅटरी बसली तर तुजा चार्जर येनार हाय का वढायला?" शेवटी मीच अल्पेशना सांगितले की बसवून टाका, म्हाताऱ्याचे समाधान. वडिलांनी तो आपल्या सीटच्या बाजूला, हाताला येईल असा बसवून घेतला. तो बंद केला की दुसऱ्या बॅटरीवरचे सर्व बंद होते. अल्पेशनी त्याच्यावर हिंदीत चिठ्ठी चिकटवली होती की हात लावू नये. वडिलांना हिंदी वाचता येते.

काल सकाळी मी वडिलांना खुर्चीत बसवून खाली आणले व गाडीत बसवले. आई, मी व वडील तारोडीला गेलो. रस्ताभर मशीन नीट चालू होते. उत्तनच्या बाजूला वळल्यावर वाऱ्याला सुक्या मासळीचा वास आला, तेव्हा वडिलांनी काच खाली करायला लावली. आईने विचारले, बरे वाटते का, तर म्हणाले, "गप. वास घेऊ दे." इतके समाधानी ते मला कित्येक महिन्यांत दिसले नव्हते.

गाडी मी किनाऱ्याला, वडिलांना सीटवरून होडी दिसेल अशी उभी केली. लोकांत धूर नको म्हणून इंजिन बंद केले. मशीन दुसऱ्या बॅटरीवर चालू होते, ते मी पाहिले. पाऊस भुरभुरत होता म्हणून काचा वर केल्या. खाली चिखल असल्याने वडिलांना होडीपर्यंत नेता येत नव्हते. आई आरतीचे ताट घेऊन पुढे गेली होती. मी वडिलांजवळ थांबणार होतो. वडिलांनी नारळ मांडीवर घेतला, त्यावर हात फिरवला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "तांडेलाचा नारळ तांडेलाच्या घरातनंच जायला पायजे. तू जा. मी हाय हितंच, पलून न्हाय जात."

मी गेलो. नारळ फोडला. होडी लोटायला माणसे कमी पडत होती म्हणून मीही खांदा लावला. होडी चिखलात अडली. बॅन्जोवाले जोरात वाजवत होते. मी गाडीकडे पाहून हात वर केला, वडिलांनीही काचेमागून हात वर केला. नंतर पुन्हा केला, तेव्हा त्यांनी केला नाही. होडीकडे पाहत असतील, असे मला वाटले. होडी पाण्यात गेली तेव्हा सगळे ओरडले, मीही ओरडलो.

प्रसाद घेऊन आई आधी गाडीजवळ पोचली. तिने दार उघडले आणि मला हाक मारली. मी धावलो. वडील सीटला डोके टेकून होते, तोंड होडीकडे होते. मशीन बंद पडले होते व वीज गेल्यावर वाजते तशी त्याची शिट्टी बारीक वाजत होती. बॅन्जोत ती कोणाला ऐकू आली नसेल. अडचणीला म्हणून सीटखाली ठेवलेला छोटा सिलिंडर काढून मी नळी जोडली. नळीतून हवा येत होती, पण घेणारा घेत नव्हता. रोशनने त्यांना धरले, मी गाडी हॉस्पिटलला नेली. डॉक्टरांनी तपासून मृत घोषित केले. ते म्हणाले की ऑक्सिजन कमी झाला की माणूस पेंगतो, त्यांना कळलेही नसेल. हे आईला सांगा असे मी डॉक्टरांना म्हणालो, कारण मला सांगता आले नसते.

बॅटरीने दगा दिला असे समजून मी हॉस्पिटलमधूनच अल्पेशना फोन केला व नको नको ते बोललो. ते शब्द इथे लिहू नयेत. अभिनव यांनी त्यांच्यावर केस करा म्हणून लावून धरले. अल्पेश दुकान बंद करून हॉस्पिटलला आले. आता ते ठाण्याबाहेर बाकावर बसले आहेत.

त्यानंतर पोलिसांनी हॉस्पिटलच्या आवारात गाडीचा पंचनामा केला, तेव्हा मी तो स्विच पाहिला. किनाऱ्यावर घाईत माझे तिकडे लक्षच गेले नव्हते. स्विच बंद होता व त्याच्यावर वडिलांचा रुमाल बांधलेला होता.

साहेबांनी मला विचारले की वडील आजाराला कंटाळले होते का, त्यांनी जाणूनबुजून स्विच बंद केला का. कंटाळले होते. देवा, एकदाचा ने, असे ते म्हणत, आणि तसे प्रत्येक घरातले म्हातारे माणूस म्हणते. परंतु तारोडीत रीत अशी आहे की होडी किनाऱ्याला लागली, इंजिन थांबले, की सगळे उतरतात आणि तांडेल मागे थांबतो. तो बॅटरीचा स्विच बंद करतो आणि खारे पाणी जाऊ नये म्हणून त्यावर फडके बांधतो. फडके दिसले की बॅटरी बंद आहे, उद्याला शिल्लक आहे, हे सर्वांना कळते. वडिलांनी हे जन्मभर केले. काल इंजिन थांबले, सगळे उतरले आणि ते मागे राहिले. त्यांच्या हाताने त्याचे काम केले. मरायला निघालेला माणूस उद्यासाठी बॅटरी झाकून ठेवत नाही. ही आत्महत्या नाही, व तसे कागदावर कुठेही येऊ नये अशी माझी हात जोडून विनंती आहे. अल्पेश यांच्या कामात दोष नाही. माझी त्यांच्याविरुद्ध किंवा कोणाविरुद्ध तक्रार नाही. कोणाविरुद्ध करावी, हेही मला कळत नाही.

पंचनाम्याच्या वेळी हवालदारांना रुमालाची गाठ सुटेना, ती आणखी घट्ट बसली. ती होडीची गाठ आहे, बरोबर टोक ओढले तर एका झटक्यात सुटते. साहेबांच्या सांगण्यावरून मी ती सोडली व स्विच चालू केला. मशीन लगेच चालू झाले. पडद्यावर बॅटरी जवळजवळ पूर्ण भरलेली दिसत होती. रिकाम्या नळीतून हवा येऊ लागली. आई गाडीच्या दाराशी उभी होती, ती म्हणाली, "दत्ता, बंद कर. बॅटरी उगाच उतरते हाय."

मी स्विच बंद केला.

हा जबाब मी सांगितला तसा मराठीत लिहून घेतला असून मला मोठ्याने वाचून दाखवला आहे. तो बरोबर आहे. जप्त केलेला रुमाल काम झाल्यावर आईला परत मिळावा, एवढे माझ्या सांगण्यावरून शेवटी वाढवले आहे.

समक्ष सही
दत्ताराम महिपत भोईर