फाउंडेशनात पाणी

हसू नका, पण माझ्या आईच्या हाती संपत आलेली बाटली लागू देऊ नका. शाम्पू असो नाहीतर भांड्यांचं लिक्विड, ती त्यात पाणी घालते, खळखळ हलवते आणि म्हणते, “अजून आठ दिवस जातील.”

परवा मुलुंडला मावसबहिणीचं लग्न होतं. खाली रिक्षा उभी, मीटर चालू, बाबांचे फोनवर फोन. घाईघाईत मी फाउंडेशन दाबलं, तर तळहातावर पातळ चहा!

“आई, यात पाणी घातलंस?”

“तळाला गेलेलं. तूच म्हणालीस ना, महाग आहे, पुरवून वापरायचंय?”

“अगं, तो काय शाम्पू आहे?”

डोकं फिरलेलं, पण दुसरं होतं काय? तेच चोपडलं आणि पळाले. हॉलमध्ये मला चैन पडेना. दर पाच मिनिटांनी मोबाइलमध्ये तोंड बघत होते. तेवढ्यात मामीने गाठलंच.

“आज मेकअप नाही केलास? किती छान दिसतेयस गं! एरवी नवीन रंग दिलेली भिंत वाटतेस.”

आई शेजारीच उभी राहून ऐकत होती. घरी आल्यावर तिने बाटली उचलली, कानाशी धरून हलवली.

“यात अजून दोन लग्नं निघतील. तुझं धरून.”