गळका नळ

दाताच्या दवाखान्यात दोघी बहिणी शेजारी-शेजारी बसल्या होत्या.

"ताई, कुलूप न तोडता घरं साफ करणारा तो चोर सापडला!"

"काय सांगतेस! कसा गं?"

"पोलिसांनी चोरांचा स्वभाव ओळखणाऱ्या एक बाई बोलावल्या. चोरी झालेल्या सगळ्या घरांतले गळके नळ गळायचे थांबले होते. त्या म्हणाल्या, हा प्लंबर असणार, गळका नळ त्याला बघवत नाही."

"मग?"

"एका रिकाम्या घरात नळ गळता ठेवून पोलीस लपले. पठ्ठ्या पान्यासकट सापडला!"

"कमाल आहे बाई!"

"तुमचाही नळ गळायचा ना?"

"गावाहून आलो तेव्हा थांबलेला होता. तुझे भाऊजी म्हणाले, मीच दुरुस्त केला."

"भाऊजींनी? त्यांना पाना धरता येतो?"

"अगं बाई!"

"ताई, कुठे निघालीस? तुझा नंबर आलाय!"

"खड्ड्यात गेला दात! आधी कपाट बघते!"